रिकामी टाकी

घरांतील घागर गळूं लागली तर तें लपत नाहीं. ओटा ओला होतो, सासूबाई सुनेला हांक मारतात, आणि दुसऱ्या दिवशीं घागर तांबटाकडे जाते. पेट्रोलच्या टाकीचें तसें नाहीं. तिच्यांतून गळलेला थेंब जमिनीवर पडतो न पडतो तोंच उडून जातो. मागें राहतो तो केवळ वास. आणि वासाची संवय मनुष्याच्या नाकास फार लवकर होते. म्हणूनच जुनें वाहन बाळगणाऱ्या कुटुंबांत ही गळती महिनोन् महिने चालते आणि ‘गाडीला जरा वास येतो’ एवढ्या शब्दांवर तिची बोळवण होते. आमच्या घरींहि तेंच झालें. त्यांतून आम्ही कसे वांचलों, आणि वांचतां वांचतां काय शिकलों, तें वाचकांपुढें मांडावें एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

आमचें घर मुळशी तालुक्यांत, पौडच्या पलीकडे, ताम्हिणीच्या वाटेवर आहे. घराला लागूनच जुना गोठा आहे. गुरें केव्हांच गेलीं. गोठ्यांत आतां आमच्या थोरल्या बंधूंची जीप उभी असते. ती त्यांनीं १९७२ सालीं घेतली. बंधु आज हयात नाहींत. वहिनी आहेत, आणि त्यांच्या लेखीं ती जीप म्हणजे नुसतें वाहन नव्हे. घरांतलें तें एक वडीलधारें माणूसच आहे. मुलें तिला ‘आजोबांची गाडी’ म्हणतात. महिन्यांतून दोन वेळां ती पौडच्या बाजारापर्यंत जाऊन येते, आणि एरव्हीं गोठ्यांत स्वस्थ उभी असते.

गतवर्षीं नवरात्र बसलें. प्रतिपदेस घटस्थापना होऊन देवघरांत नंदादीप लागला. तिसऱ्या माळेच्या सायंकाळीं धाकटी सूनबाई दिव्यांत तेल घालण्यास गेली ती तशीच परत आली आणि म्हणाली, “मामंजी, देवघरांत पेट्रोलचा वास येतोय.”

“जीपचा असेल,” असें म्हणून आम्हीं हातांतलें पुस्तक खालीं ठेवलें देखील नाहीं. परंतु वहिनी माजघरांतून उठून आल्या. त्यांनीं दारांत उभ्या राहूनच विचारलें, “भाऊजी, काल वास गोठ्यांत होता. आज देवघरांत आलाय. उद्यां कुठं असेल?”

ह्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. आम्ही विजेरी घेऊन गोठ्यांत गेलों. (ती विजेरीहि तेथें आंत जाऊन लावावयास नको होती, हें आम्हांस पुढें कळलें.) जीपच्या खालीं शेणानें सारवलेल्या जमिनीवर तळहाताएवढा काळा ओला डाग होता, आणि टाकीच्या खालच्या शिवणीवर एक थेंब लोंबत होता. आम्हीं मनांत आंकडे मोजले. एक, दोन, आणि थेंब पडला. पुन्हां एक, दोन, पुन्हां थेंब.

थेंबाचा हिशेब

शिक्षकाची खोड जात नाहीं. दोन सेकंदांस एक थेंब, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ४३,२०० थेंब झाले. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान असतो, कारण त्याच्या पृष्ठभागाची ओढ पाण्याच्या मानानें पुष्कळ कमी असते. एका मिलिलिटरांत असे पन्नासएक थेंब धरले, तरी दिवसाकांठीं पाऊण लिटराहून अधिक पेट्रोल त्या गोठ्यांत हवेंत मिसळत होतें. पैशांचें नुकसान झालें तें झालेंच. पण तें सगळ्यांत धाकटें नुकसान होय.

पेट्रोलची वाफ हवेहून तिप्पट ते चौपट जड असते. ती धुरासारखी वर जात नाहीं, तर पाण्यासारखी खालीं बसते आणि उताराकडे वाहूं लागते. आमचा गोठा घराहून हातभर उंचावर आहे, आणि गोठ्याचा उतार देवघराच्या बाजूस आहे. पूर्वजांनीं तो गुरांचें पाणी वाहून जावें म्हणून ठेवला. पेट्रोलची वाफ त्याच वाटेनें देवघराच्या खिडकीखालीं येऊन सांचत होती. पेट्रोलच्या वाफेस पेट घेण्यास हवा गरम असावी लागत नाहीं. शून्याखालीं सुमारें चाळीस अंशांवरहि त्यांतून पेटण्याजोगी वाफ निघत असते. हवेंत ही वाफ शंभर भागांत सुमारें दीड भाग झाली, कीं एक ठिणगी पुरते. आणि आमच्या देवघरांत तर ठिणगी नव्हे, नऊ दिवस विझूं न द्यावयाचा दिवा तेवत होता.

आतां काय करावें? घरांत क्षणभर कुजबुज झाली. कोणी म्हणाले, दिवा शांत करावा. वहिनींनीं मात्र सांगितलें, “दिवा जागचा हलणार नाहीं. हलायची ती गाडी.” धर्माच्या दृष्टीनें हें बोलणें योग्य होतेंच, शास्त्राच्या दृष्टीनेंहि तेंच योग्य होतें, कारण वाफेचा उगम दूर केला नाहीं तर एक दिवा विझवून भागत नाहीं. घरांत चूल आहे, गॅसची शेगडी आहे, विजेचीं बटणें आहेत, शीतकपाट आपोआप चालूं-बंद होत असतें. ह्यांतील प्रत्येकांत एक ठिणगी दडलेली आहे.

देवघराची गोठ्याकडची खिडकी सूनबाईनें लावून घेतली आणि ओलें कांबळें तिच्या फटीवर टाकलें. जीपची किल्ली कोणीं फिरवूं नये, असें आम्हीं मुलांस बजावलें. दोघे पुतणे, मुलगा, शेजारचे दोन तरुण आणि आम्ही अशा सहा जणांनीं ती जीप हातांनीं ढकलत खालच्या खाचराच्या बांधापर्यंत नेली. गोठ्यांतील डागावर कोरडी माती पसरली, ती फावड्यानें भरून लांब नेऊन टाकली, आणि दारें रात्रभर सताड उघडीं ठेविलीं. त्या रात्रीं वहिनी देवघराच्या उंबऱ्यावर बसून होत्या. आम्ही ओसरीवर होतों. दोघांसहि झोंप आली नाहीं.

साबणाची युक्ति

दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतण्यानें अंगाचा साबण नेऊन टाकीच्या शिवणीवर घांसला आणि गळती थांबली! मुलांनीं टाळ्या वाजविल्या. ही युक्ति वाटसरू वाहनचालकांत फार जुनी आहे, आणि तिच्यांत तथ्यहि आहे. कोरडा साबण पेट्रोलांत विरघळत नाहीं. तो बारीक छिद्रांत मेणासारखा दाबला जातो आणि कांहीं काळ तेथें टिकून राहतो. रानांत, घाटांत गाडी गळूं लागली तर कारखान्यापर्यंत पोंचण्यास एवढें पुरे आहे.

परंतु तो इलाज नव्हे. ती केवळ मुदत होय. शिवाय सांप्रत ही मुदतहि पूर्वींएवढी राहिली नाहीं. आपल्या देशांत २०२३ सालापासून शेंकडा २० भाग इथेनॉल म्हणजे मद्यार्क मिसळलेलें पेट्रोल विक्रीस येऊं लागलें, आणि २०२५ सालापर्यंत तें बहुतेक सर्वत्र झालें. साबण शुद्ध पेट्रोलला दाद देत नाहीं, पण मद्यार्कांत तो थोडाथोडा विरघळतो. आमचा साबण दुसऱ्या दिवशीं दुपारीं सुटला, आणि थेंब पुन्हां आपल्या ठरल्या वेळेस पडूं लागला.

तेव्हां टाकी सोडवावी असें ठरलें. जीपची टाकी चालकाच्या आसनाखालीं असते. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ सालापासून अमेरिकन सैन्यासाठीं ज्या जीपा बनल्या, त्यांचीच ही ठेवण. स्वातंत्र्यानंतर मुंबईंत ज्या जीपांची जुळणी होऊं लागली त्यांतहि ती तशीच राहिली. चालक चाळीस लिटर पेट्रोलावर बसलेला असतो, हें त्या दिवशीं आसन काढीपर्यंत आमच्या कधीं मनांतहि आलें नव्हतें. बंधूंनीं तीस-पस्तीस वर्षें त्या आसनावर बसून आम्हां सर्वांस पुण्यापासून कोंकणापर्यंत हिंडविलें होतें.

पुतण्यानें उघड्यावर, सावलींत, बॅटरीची तार आधीं सोडवून टाकींतलें पेट्रोल लोखंडी डब्यांत काढलें. टाकी दोन दिवस तोंड उघडें ठेवून उन्हांत वाळवली. उपडी केली, हालवली. एक थेंब पडेना. मग ती घेऊन आम्ही पिरंगुटच्या बाजूस झाळकाम आणि वेल्डिंग करणाऱ्या एका ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलों.

“भरलेल्या टाकीचं भ्या नाय”

मिस्त्री आमचेच जुने विद्यार्थी होत. सातवींत शाळा सुटली ती सुटलीच. टाकी पाहून त्यांनीं ती हातांत देखील घेतली नाहीं.

“गुरुजी, आज व्हायचं नाय. चार दिस ठिवा.”

आम्हांस थोडा राग आला. नवरात्र चाललें होतें, दसऱ्यास गाडीची पूजा व्हावी ही वहिनींची इच्छा होती. आम्ही म्हणालों, “अहो, टाकी अगदीं रिकामी आहे. दोन दिवस उन्हांत होती. एका शिवणीचें काम. पांच मिनिटें लागतील.”

मिस्त्रींनीं विडी ओढणाऱ्या आपल्या पोऱ्यास हातानेंच लांब जावयास सांगितलें. मग टाकी उचलून त्यांनीं तिचें तोंड आमच्या नाकाशीं धरलें. पेट्रोलचा भपकारा आला!

“गुरुजी, भरलेल्या टाकीचं मला एवढं भ्या नाय,” मिस्त्री म्हणाले. “रिकामीचं हाय. ही फुटली तर पत्र्याचं छप्पर ऱ्हात नाय आन् माणूसबी.”

आम्हीं आयुष्यभर मुलांस संस्कृत शिकविलें. न्यायशास्त्रांतील ‘अभाव’ हा पदार्थ समजावून देतांना आम्ही फळ्यावर घटाचें चित्र काढीत असूं: येथें घट आहे, येथें घटाचा अभाव आहे. टाकींत पेट्रोलचा अभाव आहे असें आम्हीं त्या दिवशीं मोठ्या विश्वासानें सांगितलें, आणि आमच्या विद्यार्थ्यानें आमच्या नाकाला तो अभाव दाखवून दिला! लाज वाटली हें खरें. पण त्याहून अधिक भीति वाटली. कारण आमचा पुतण्या आदल्याच दिवशीं म्हणत होता कीं, शेजारच्या शेतकऱ्याकडे वेल्डिंगचें यंत्र आहे, घरच्या घरीं चिकटवून टाकूं.

ह्यामागचें शास्त्र घरीं आल्यावर आम्हीं नीट पडताळून पाहिलें, आणि तें प्रत्येक घरांत ठाऊक असावें असें वाटतें. पेट्रोलची वाफ कोणत्याहि प्रमाणांत पेटते असें नाहीं. हवेंत ती शेंकडा सुमारें १·४ भागांहून कमी असेल तर पेटत नाहीं, आणि सुमारें ७·६ भागांहून अधिक असेल तरीहि पेटत नाहीं. कारण मग जळावयास हवाच पुरत नाहीं. भरलेल्या टाकींत वरच्या मोकळ्या जागेंत वाफ इतकी दाट असते कीं सहसा ती ह्या वरच्या मर्यादेच्याहि पलीकडे जाते. टाकी ओतून काढली, तोंड उघडें ठेविलें, कीं आंत हवा शिरते, वाफ विरळ होत जाते, आणि नेमकी ती ह्या दोन मर्यादांच्या मध्यें येऊन पोंचते. म्हणजे आम्हीं दोन दिवस उन्हांत टाकी वाळविली तें तिला निर्धोक करणें नव्हतें. बाँबगोळा हळूहळू तयार करणें होतें.

ह्यास किती पेट्रोल लागतें? एक मिलिलिटर पेट्रोलची सुमारें पावणेदोनशें मिलिलिटर वाफ होते. चाळीस लिटरांच्या टाकींत शेंकडा दोन भाग वाफ होण्यास आठशें मिलिलिटर वाफ पुरे. म्हणजे लहानसा चमचाभर पेट्रोल. तेवढें तर टाकीच्या दुहेरी शिवणींत, गंजाच्या पापुद्र्यांत आणि तळाच्या गाळांत सहज मुरून राहतें. उपडी केली तरी तें पडत नाहीं. जाळ लागला, पत्रा तापला, कीं मात्र बाहेर येतें.

गंज आला कोठून

मिस्त्रींनीं टाकी ठेवून घेतली. परत येतांना वाटेंत आमच्या मनांत प्रश्न आला कीं, बाहेरून तर टाकीचा रंग शाबूत होता. मग ती सडली कशी? उत्तर असें कीं, ती आंतून सडली.

मुळशीचा पाऊस वाचकांस सांगावयास नको. पुण्यास वर्षाकांठीं सातशें मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो; ताम्हिणीकडे तोच आंकडा पांच हजारांच्या वर जातो. ह्याच पावसाच्या पाण्यावर वीज करावी म्हणून टाटांनीं येथें धरण बांधलें. त्यापायीं जमिनी आणि गांवें बुडणार म्हणून १९२१ सालीं सेनापति बापटांच्या नेतृत्वाखालीं सत्याग्रह झाला. अखेर धरण झालेंच, आणि १९२७ सालीं घाटाखालीं भिरा येथें वीजगृह सुरू झालें. सह्याद्रीचा हा पाऊस जसा धरणांत सांचतो, तसा थोडासा आमच्या टाकींतहि सांचत होता.

तो टोपणांतून शिरतो असें मात्र समजूं नये. टाकी श्वास घेते. दिवसा ऊन पडलें कीं आंतील हवा फुगून बाहेर जाते; रात्रीं गारवा आला कीं बाहेरची दमट हवा आंत येते. त्या हवेंतील बाष्प थंड पत्र्यावर दंवासारखें जमतें आणि ओघळून तळाशीं जातें. पाणी पेट्रोलहून जड असल्यामुळें तें तळाच्या शिवणींतच बसून राहतें. टाकी जितकी रिकामी, तितकी आंत हवा अधिक, आणि तितकें हें दंवहि अधिक. आमची जीप पावसाळ्याचे चार महिने पाव टाकीवर गोठ्यांत उभी असे. ‘उगीच पेट्रोल कशास भरून ठेवा’ ही आमची काटकसर. तिनें पन्नास वर्षांची टाकी खाल्ली.

त्यांत मद्यार्काची भर पडली आहे. मद्यार्क हवेंतील ओलावा शोषून घेतो. पाणी फार झालें कीं तो पाण्यास घेऊन पेट्रोलपासून वेगळा होतो आणि दोघे मिळून तळाशीं बसतात. नव्या गाड्यांच्या नळ्या आणि टाक्या हें जाणून बनविलेल्या असतात. २०२३ सालच्या एप्रिलपासून बनणाऱ्या गाड्या तर वीस टक्क्यांच्या मिश्रणास सोसतील अशाच ठेविल्या आहेत. जुन्या गाड्यांचें रबर, बुचाच्या चकत्या आणि पूर्वीं पुष्कळ टाक्यांच्या पत्र्यावर असणारा शिसें-कथिलाचा मुलामा ह्यांना ही संगत मानवत नाहीं. उसाच्या शेतकऱ्यास त्यांतून चार पैसे मिळतात ही आनंदाची गोष्ट आहे, आणि गाडी रोज चालती असेल तर फारसा त्रासहि होत नाहीं. त्रास होतो तो आमच्यासारख्यांस, जे गाडी देव्हाऱ्यांतल्या मूर्तीसारखी उभी करून ठेवतात.

झाळणें आणि कल्हई

पुढील तीन दिवस आम्ही रोज मिस्त्रींकडे जाऊन बसलों. त्यांनीं जें केलें तें येथें क्रमानें देतों. घरीं करून पाहण्यासाठीं नव्हे, तर आपल्या कारागिराकडून काय करवून घ्यावें हें कळावें म्हणून.

प्रथम टाकी धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यानें तीन वेळां धुतली. मग ती चुलीपासून दूर ठेवून, एका बंद पिंपांतील उकळत्या पाण्याची वाफ नळीनें तिच्यांत दोन-अडीच तास सोडली. पाण्याच्या वाफेनें शिवणींत लपलेलें पेट्रोल बाहेर निघतें. नंतर मूठभर लोखंडी नटें आणि लिंबूसत्वाचें पाणी आंत घालून टाकी पाळण्यासारखी हालविली. तांबूस चिखल बाहेर आला. घरच्या बायका पितळेचीं भांडीं चिंचेनें घांसतात त्यांतलेंच हें शास्त्र; आम्ल धातूवरील मळ खातें, धातूस सहसा लवकर खात नाहीं. आम्ल मारण्यासाठीं पुन्हां सोड्याचें पाणी घातलें, आणि मग स्वच्छ पाण्यानें धुतली.

छिद्र शोधण्याची रीति सायकलच्या ट्यूबसारखीच होती. टाकीचीं तोंडें बंद करून आंत हातपंपानें जराशी हवा भरली आणि ती हौदांत बुडविली. आमच्या हिशेबीं छिद्र एक होतें. बुडबुडे चार ठिकाणांहून आले! मिस्त्रींनीं पेंचकसाचें टोंक शिवणीवर टेकवून दाबलें, तों पत्रा बिस्किटासारखा आंत गेला. “आता खरं भोक दिसलं,” ते म्हणाले. सडलेला पत्रा कडक पत्रा लागेपर्यंत कापून काढावा लागतो. सडक्यावर ठिगळ लावणें म्हणजे दुखणें झांकणें. वरून लांबी किंवा रसायनाचा लगदा लिंपणाऱ्यांचें पुष्कळदां फसतें तें येथेंच.

मग झाळकाम. टाकींत शिवणीच्या जवळ येईपर्यंत पाणी भरून ठेविलें, म्हणजे वाफ सांचावयास जागाच उरत नाहीं. तांब्याचा जड ठोकळा लांब भट्टींत तापवून आणला. टाकीजवळ जाळ असा अखेरपर्यंत आलाच नाहीं. तरी तापलेला ठोकळाहि पेट्रोलची वाफ पेटवूं शकतो. म्हणून आधींचें धुणें चुकवून चालत नाहीं. ठिगळाच्या आणि टाकीच्या कडा घांसून, त्यांवर नवसागर टाकून, दोन्हींस कथिलाचा पातळ थर दिला; नंतर त्या एकमेकींवर ठेवून झाळल्या.

नवसागराचा तो पांढरा धूर नाकांत गेला आणि आम्हांस लहानपणचा कल्हईवाला आठवला. भांडें तापवावें, नवसागराची चिमूट टाकावी, कथील लावून कापसानें फिरवावें, कीं काळें पातेलें चांदीसारखें होतें. टाकी झाळणें ही त्याच विद्येची थोरली बहीण आहे. नवसागर धातूवरील गंजाचा पापुद्रा काढतो. धातु उघडी पडली कीं कथील तिला मिठी मारतें. पापुद्रा राहिला तर कथील पारदासारखें गोळा होऊन घरंगळतें. आमच्या रसशास्त्रांत कथिलास वंग, शिशास नाग आणि जस्तास यशद म्हणतात. ह्यांत एक चमत्कार आहे. वंग २३२ अंशांवर वितळतें, नाग ३२७ अंशांवर. पण दोहोंचें योग्य मिश्रण १८३ अंशांवरच वितळतें. एकेकट्याहून जोडी लवकर मऊ होते! ह्या मिश्रणांत शिसें असतें, म्हणून तें टाकीस चालतें. स्वयंपाकाच्या भांड्यास मात्र कदापि लावूं देऊं नये. पुण्यांतील कसब्याच्या तांबट आळींतील कारागिरांच्या पिढ्या ह्या धातूंच्या संगतींत गेल्या. हें ज्ञान पुस्तकांत आम्हीं वाचलें होतें. हातांत तें आमच्या सातवी झालेल्या विद्यार्थ्याच्या होतें.

अष्टमीच्या सायंकाळीं काम झालें. नवमीस, म्हणजे खंडेनवमीस, हत्यारांची पूजा असल्यामुळें मिस्त्री हत्यार धरीत नाहींत. ठोकळा, पेंचकस, कानस, हातोडा हे सारे पाटावर मांडून त्यांवर झेंडूचीं फुलें वाहिलेलीं होतीं. शेजारीं आमची टाकी तोंडापर्यंत पाणी भरून, खालीं वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेविली होती. रात्रभर कागद कोरडा राहिला. दसऱ्यास सकाळीं ती रिकामी करून गरम हवेनें पूर्ण वाळविली, दोन लिटर पेट्रोल घालून पुन्हां कागदावर ठेविली. आणि तिसऱ्या प्रहरीं ती घरीं आली.

निघतांना आम्हीं विचारलें, “आतां किती वर्षें काळजी नाहीं?”

“दोन पावसाळं, गुरुजी. खोटं कशाला सांगू? खालचा पत्रा समदा पातळ झालाय. तवर नवी टाकी बघून ठिवा.”

वहिनींचा निर्णय

आम्ही हें बोलणें वहिनींस कसें सांगावें ह्या विवंचनेंत होतों. त्या जीपचा एक खिळाहि बदललेला त्यांना आवडत नसे. पण सर्व ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “दोन पावसाळे कशाला थांबायचं? आतांच नवी सांगा. ह्यांची गाडी ह्यांच्या नातवंडांना पोळवायला नाहीं ठेवली मी.”

नवी टाकी मार्गशीर्षांत बसली. जुनी झाळलेली टाकी पाण्यानें धुऊन, वाळवून, आतां गोठ्याच्या माळ्यावर आहे. तिच्यावर वहिनींनीं हळदीकुंकवाचें बोट लावलें आहे.

जुन्या वस्तु जपाव्या हें आपल्या कुटुंबांत रक्तांतच असतें. परंतु जपणें म्हणजे नुसतें ठेवणें नव्हे. जुनें वाहन घरीं असेल तर पावसाळ्यापूर्वीं टाकी भरून ठेवावी, पंधरा दिवसांनीं तरी तें फिरवावें, रबराच्या नळ्या आणि बुचाच्या चकत्या चिरा पडण्याची वाट न पाहतां बदलाव्या. वाहनाची जागा दिवा, चूल आणि शेगडी ह्यांपासून दूर व घराहून सखल असावी. पेट्रोलचा वास आला तर किल्ली, बटण, कांडी ह्यांस हात लावूं नये. दारें उघडावीं, माणसें बाहेर काढावीं, आणि वाहन ढकलून उघड्यावर न्यावें. आणि कोणी कितीहि छातीठोकपणें ‘टाकी रिकामी आहे’ असें सांगितलें, मग तो सांगणारा गुरुजी कां असेना, तरी तिला वाफेनें धुतल्याशिवाय जाळ दाखवूं देऊं नये.

यंदांहि नवरात्रांत नंदादीप त्याच कोनाड्यांत लागेल. गोठ्याकडची खिडकी आतां उघडी असते. सूनबाई दिव्यांत तेल घालण्यास जाते तेव्हां आंत शिरण्यापूर्वीं क्षणभर उंबऱ्यावर थांबून श्वास घेते. आम्ही पाहतों, आणि कांहीं बोलत नाहीं.